४२९४९६७२९७ ला भाग लावताना

बत्तीस वेळा दोन घेऊन त्यांचा गुणाकार करा, वर एक मिळवा. येतात चारशे एकोणतीस कोटी, एकोणपन्नास लाख, सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. ही मूळ संख्या (१ आणि स्वतःखेरीज कशानेच भाग न जाणारी) असावी, असं सतराव्या शतकातल्या फर्मा या फ्रेंच गणितज्ञाचं मत होतं. मत द्यायला त्याचं काय जातं? भागाकार आपल्या गळ्यात.

सुरुवात झकास होते. शेवटी ७, म्हणून २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ५९, म्हणून ३ बाद. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून आळीपाळीने अधिक-उणे करा: २९७ − ९६७ + २९४ − ४ = −३८०. यातल्या ३८० ला ७, ११ किंवा १३ ने भाग जात नाही, म्हणजे एका फटक्यात तिघे घरी. इथे माणसाला चेव येतो, आणि मग कळतं की अवयव वर्गमूळापर्यंत शोधावा लागतो, आणि ते ६५५३६ च्या किंचित पुढे आहे. तिथपर्यंतच्या मूळ संख्या ६५४२!

ऑयलर या स्विस गणितज्ञाने १७३२ साली हिचा अवयव जाहीर केला: ६४१. त्यामागची युक्ती अशी, की हिचा कुठलाही मूळ अवयव ६४ च्या पटीत एक मिळवूनच येतो. म्हणजे तपासायचे फक्त १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. माझ्या मते कामचुकारांचं दैवत शोभावा असा माणूस.

आता ६४१ ने भाग लावा. ४२९४ मध्ये ६ चा भाग, बाकी ४४८. ९ खाली घ्या: ४४८९, सातचा भाग, बाकी २. ६ खाली घ्या: २६, भाग जात नाही, वर शून्य. ७ खाली: २६७, पुन्हा शून्य. घात इथेच होतो. ही दोन शून्यं द्यायची राहिली की ६७००४१७ ऐवजी उत्तर येतं ६७४१७, आणि बाकी तरीही शून्यच. बरं, नवाचा ताळा (अंकांच्या बेरजेवरून पडताळणी) पाहावा, तर शून्यांनी बेरीज बदलत नाही, ताळा जुळतो. अकराचा (एकाआड एक अंक अधिक-उणे करून) पाहावा, तर दोन घरं सरकल्याने तोही बेशरमपणे जुळतो. उलट गुणाकार केला तर ४३२१४२९७ येतात, आणि शेवटचे तीन अंक पुन्हा २९७च! फक्त चार कोटी पाहून शंका यावी. म्हणून आधीच अंदाज बांधावा: सहाशेच्या पुढच्या संख्येने चारशे कोटींना भागलं, तर उत्तर लाखांत यायलाच हवं.

राहिला ६७००४१७ मूळ आहे का हा प्रश्न. ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने पुढे दाखवलं की ६४ च्या जागी १२८ घेतले तरी चालतात. मग वर्गमूळापर्यंत, म्हणजे २५८८ पर्यंत, २५७ सोडून (तो आधीच बाद झालाय) ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९ एवढेच उरतात. बाकी अनुक्रमे ४४, १२०, ३३४, ६२२. म्हणजे मूळच. फक्त पहिला भागाकार जपून करा: उत्तर १०४५३ आहे, मधलं शून्य धरून.