नुसता केशरी गोळा नको

एका डिझायनरला आपल्या गावावरून बिअरच्या कॅनचं डिझाइन कसं सुचलं, तो लेख वाचून छान वाटलं. मी वरुडची, घरी संत्र्याची बाग आहे. विदर्भातलं कोणी असं काम करणार असेल तर कळकळीनं सांगते, वाघ आणि भडक केशरी गोळा यावर थांबू नका. आंबिया बहाराचं, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी आलेल्या फुलोऱ्याचं, फळ दिवाळीच्या सुमारास तोडतो तेव्हा सालीवर हिरवट झाक असते. देठापाशी साल सैल, फुगलेली. बोटानं दाबली की आत पोकळी लागते. ते काढा ना! पांढरा थर न देता पारदर्शक शाई वापरली तर खालचं ॲल्युमिनियम चमकतं, सालीचं तेलकट तेज तिथं हुबेहूब उतरेल. मात्र छपाईनंतर कॅनची मान आवळतात, वरचं चित्र आक्रसतं, म्हणून देठ जरा खाली घ्या.

आणखी एक. वर्धा, गडचिरोलीत दारूबंदी आहे. गडचिरोलीत तर १९९३ साली ती लोकांच्या आंदोलनातून आली, बायाबापड्या त्यासाठी रस्त्यावर उतरल्या होत्या. तेव्हा कॅनवर सेवाग्रामची कुटी किंवा शेतात निंदण करणाऱ्या बाया कृपा करून छापू नका. पळस आहे, कपाशीचं फुटलेलं बोंड आहे, लोणारचं सरोवर आहे.