निधीच्या अटी आणि मुलांच्या नोंदी

ऑगस्ट २०२१मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले, तेव्हापासून मुलांच्या पोषणाच्या नोंदी ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या ‘पोषण ट्रॅकर’ या ॲपवरचा वाद मी कॅलिफोर्नियातून वाचत आले आहे. फोन निकृष्ट, ॲप तेव्हा इंग्रजीत आणि नोंदींचा भार वाढता, या तिन्ही तक्रारी मला रास्त वाटतात. मात्र मुलांची माहिती ठेवणाऱ्या अशा प्रणालींना पैसा कोणत्या अटींवर मिळतो, हा प्रश्न त्या वादात फारसा आला नाही. आणि मला तोच मुळाचा वाटतो.

अमेरिकेत १९९३च्या कायद्याने बालकल्याण खात्यांच्या संगणकीकरणासाठी राज्यांना संघीय निधी देऊ केला. सुरुवातीची काही वर्षे खर्चाचा ७५ टक्के भाग मिळे, पुढे तो ५० टक्क्यांवर आला. तक्रार नोंदवण्यापासून दत्तकविधानापर्यंतचे सारे काम राज्यभर एकाच प्रणालीत व्हावे, ही अट होती. त्यामुळे अवाढव्य प्रणाली उभ्या राहिल्या, आणि मुलांना सांभाळणाऱ्या खासगी संस्थांवर स्वतःची नोंदवही ठेवून तीच माहिती राज्याच्या प्रणालीत पुन्हा भरण्याची वेळ आली. २०१६च्या नियमांनी ही सक्ती काढली. संस्थांनी आपली प्रणाली वापरावी आणि राज्याने तिच्याशी, तसेच शक्य तिथे न्यायालये व शाळांशी, माहितीची देवाणघेवाण करावी. प्रणाली सुट्या घटकांची असावी. आणि माहिती अचूक, पूर्ण व वेळेवर भरलेली आहे की नाही, याची तपासणी दर दोन वर्षांनी व्हावी, असे त्यात ठरले.

एवढ्याने सारे सुरळीत झाले नाही. कॅलिफोर्नियाच्या ५८ काउंटींमधली (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) १९९०च्या दशकातली प्रणाली बदलण्याचे काम वर्षानुवर्षे रेंगाळले. पण जुन्या अटीच चुकल्या होत्या, हे संघीय सरकारने मान्य केले, हे मला फार मोलाचे वाटते.

आपल्याकडे मिशन वात्सल्य या बाल संरक्षणाच्या योजनेचा खर्च केंद्र आणि महाराष्ट्र ६०:४० या प्रमाणात उचलतात. २०२२च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हरवलेल्या मुलांपासून बालगृहांपर्यंतच्या नोंदी एका पोर्टलवर आणण्याचा मानस आहे. अशा वेळी एकच माहिती दोनदा मागितली जाणार नाही, पोर्टल मराठीत असेल, आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षातल्या नोंदी तपासण्यासाठी व दुरुस्त करण्यासाठी स्वतंत्र तरतूद असेल, या अटी निधीच्या मंजुरीतच लिहिल्या जाव्यात, असा आग्रह विधिमंडळातल्या आपल्या प्रतिनिधींनी पुढच्या अर्थसंकल्पाच्या वेळी धरला पाहिजे.