दहा वर्षं नाहीत म्हणून टेन-सी भरताय? आधी थांबा

नागपूरजवळच्या हिंगणा आणि बुटीबोरीतल्या कामगारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे. मजकूर साधारण असा : ‘पीएफची अपंगत्व पेन्शन हवी तर १० वर्षं नोकरी लागते. अपघात कंपनीच्या गेटच्या आत झालेला पाहिजे. ४० टक्क्यांचं सर्टिफिकेट मिळालं की अर्धा पगार सुरू. इएसआयसीचे पैसे मिळत असतील तर पीएफवाले काही देत नाहीत. १० वर्षं नसतील तर टेन-सी भरा, पैसे काढून मोकळे व्हा.’ इएसआयसी म्हणजे कामगारांचा राज्य विमा आणि टेन-सी म्हणजे पेन्शन फंडातले पैसे एकदम काढून घ्यायचा फॉर्म. यातलं एकही वाक्य धड नाही, आणि शेवटचं तर घात करणारं आहे.

‘१० वर्षं नोकरी लागते.’ ही अट म्हातारपणाच्या पेन्शनची. कर्मचारी पेन्शन योजना, १९९५ च्या परिच्छेद १२ मध्ये ती आहे. अपंगत्वासाठी परिच्छेद १५ वेगळा आहे. नोकरीत असताना माणूस कायमचा आणि पूर्णपणे निकामी झाला, तर पेन्शन फंडात किमान एका महिन्याची वर्गणी जमा असली तरी पुरे. वयाचीही अट नाही, आणि ५८ च्या आधी पेन्शन घेतली म्हणून दरवर्षी ४ टक्के कापतात तशी कपात इथे होत नाही. अपंगत्व आलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून पेन्शन लागू होते, तहहयात.

खरी ठेच लागते ती दुसरीकडेच. पहिलं म्हणजे पेन्शन फंडात नाव आहे का? पासबुक उघडून तीन रकाने बघा. बेसिक आणि डीए मिळून १२,००० असेल तर कामगाराचे १,४४० दिसतील, मालकाच्या हिश्शात ४४० आणि पेन्शनच्या रकान्यात १,०००. हा तिसरा रकाना पहिल्या महिन्यापासून शून्य असेल तर तुम्ही पेन्शन योजनेत नाहीच. १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदाच पीएफमध्ये आलेले आणि सुरुवातीपासून १५,००० च्या वर पगार असलेले बहुतेक यात मोडतात. ठेकेदाराने पैसे कापले पण भरले नाहीत, तर प्रकरण वेगळं. योजनेत सेवा मोजताना ‘जमा झालेली किंवा येणे असलेली’ वर्गणी धरतात. पगाराच्या स्लिपा जपून ठेवा, त्या तिथेच कामी येतात.

दुसरं, नोकरी सुटल्याची नोंद. अपंगत्व नोकरीत असतानाच आलेलं हवं. माणूस दवाखान्यात पडून असतो आणि ऑफिसवाले सही घेऊन राजीनामा दाखवतात. कधी सोडल्याची तारीख अपघाताच्या आधीची पडते, कधी कारण साधं ‘सेसेशन’ (नोकरी संपली) टाकतात. कारणांच्या यादीत ‘पर्मनंट डिसेबलमेंट’ हा पर्याय आहे, तोच हवा. चूक झाली असेल तर मालकासोबत जॉइंट डिक्लरेशन (दोघांच्या सहीचा दुरुस्ती अर्ज) भरून तारीख आणि कारण दोन्ही दुरुस्त होतात. पीएफच्या मेडिकल बोर्डाचा निकाल लागेपर्यंत राजीनाम्यावर सही करू नका.

‘अपघात गेटच्या आत झालेला पाहिजे.’ पेन्शन योजना अपघात कुठे झाला ते विचारतच नाही. लकव्याने गेलेला हात, मधुमेहाने गेलेले डोळे, हेही चालतं. कामावरच्या इजेची अट इएसआयसीच्या अपंगत्व लाभाला आहे, आणि तिथेही गेट ही हद्द नाही. ड्यूटीवर जाता-येता हिंगणा रोडवर झालेला अपघातसुद्धा धरला जातो, फक्त वेळ आणि रस्ता कामाशी जुळायला हवा.

‘४० टक्क्यांचं सर्टिफिकेट.’ इथे तीन गोष्टींची खिचडी झाली आहे. मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यांतून मिळणारं ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांग ओळखपत्र) शरीराचं अपंगत्व मोजतं. ते आरक्षणाला आणि तहसीलमधल्या संजय गांधी निराधार योजनेला लागतं. पीएफचं मेडिकल बोर्ड टक्का बघत नाही. जे काम करत होता त्या कामाला हा माणूस कायमचा असमर्थ झाला का, एवढाच त्याचा प्रश्न. म्हणून कागदपत्रांत पदनाम नुसतं ‘हेल्पर’ नको, प्रत्यक्ष काम काय होतं ते मालकाकडून लिहून घ्या. इएसआयसीचं बोर्ड तिसरीच गोष्ट मोजतं : कमाईची ताकद किती गेली. पॉवर प्रेसखाली अंगठा गेला तर ठरलेल्या तक्त्यात ३० टक्के. रोजी ५०० असेल तर तिचे ९० टक्के ४५०, आणि त्याचे ३० टक्के म्हणजे १३५ रुपये रोज, आयुष्यभर, पुढे काम करत राहिलात तरी. याला वर्गणीच्या दिवसांची अट नाही. ७८ दिवसांची अट आजारपणाच्या लाभाची आहे, तीही लोक इथे आणून चिकटवतात.

‘अर्धा पगार.’ सूत्र असं : शेवटच्या ६० महिन्यांचा सरासरी पगार, १५,००० पर्यंतच धरलेला, गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. १२,००० पगार आणि ६ वर्षं सेवा, तर १,०२९ रुपये. ४ वर्षं असतील तर ६८६ येतात, पण किमान १,००० मिळतात. रक्कम तुटपुंजीच आहे, त्याबद्दल वाद नाही.

‘इएसआयसीचे पैसे मिळत असतील तर पीएफवाले काही देत नाहीत.’ देतात, दोन्ही मिळतात, कायदे वेगळे आहेत. इएसआयसीचा लाभ असताना बंद होतो तो त्याच अपघातासाठी मालकाकडून कामगार नुकसानभरपाई मागण्याचा रस्ता.

आता टेन-सी. ६ वर्षांच्या सेवेला १२,००० च्या पगारावर साधारण सत्तर-बहात्तर हजार हाती येतात आणि पेन्शन फंडातली सेवा तिथेच संपते. १,०२९ च्या पेन्शनने तेवढी रक्कम सहा वर्षांच्या आतच वसूल होते, पेन्शन मात्र त्यानंतरही चालू राहते आणि पश्चात बायकोला मिळते. तेव्हा फॉर्म भरायचा तो टेन-डी, पेन्शनच्या प्रकारात अपंगत्व लिहून. सोबत नवरा-बायकोचा एकत्र फोटो, मुलांचे जन्मदाखले, रद्द केलेला चेक आणि दवाखान्याचे सगळे कागद. तो रघुजीनगरच्या भविष्यनिधी भवनात द्यायचा, इएसआयसीचं काम गणेशपेठेतल्या पंचदीप भवनात. डब्ल्यूसीएलच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्स) कामगारांनी यापैकी कुठेच जाऊ नये, त्यांचा कोळसा खाण भविष्यनिधी वेगळा आहे. आणि पोचपावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.