छेत्रीचं क्यूपीआर अजून पचत नाही

ट्रान्सफर विंडो बंद झाली की शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर कोणी ना कोणी सुनील छेत्री आणि क्यूपीआरचा, म्हणजे लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्स क्लबचा, विषय काढतंच. ह्या वेळी काढला मन्याने, म्हणजे बारा महिने चेल्सीची जर्सी घालणाऱ्या आणि कूपरेजच्या फुटबॉल ग्राउंडचं गेट कुठल्या बाजूला ते माहीत नसलेल्या मन्याने.

"छेत्रीत दम असता ना, तर लंडनवाल्यांनी सोडलाच नसता."

सुशाने कटिंग खाली ठेवली. "अरे, क्लबने कुठे सोडला? २००९ ला तीन वर्षांचं काँट्रॅक्ट केलेलं त्यांनी. वर्क परमिट अडवलं तिकडच्या सरकारने, तुमचा देश फिफाच्या पहिल्या ७० मध्ये नाही म्हणून."

"मग? रूल म्हणजे रूल!"

"हो का? माल्टाचा प्लेयर कसा चालायचा मग? माल्टा होता पहिल्या ७० मध्ये? पण ब्रिटन तेव्हा युरोपियन युनियनमध्ये, म्हणून त्याला परमिटच नको. पासपोर्ट बघितला रे, पाय कोणी बघितलेच नाहीत."

मन्या गप्प, मोबाईल काढून माल्टाचं रँकिंग शोधायला लागला.

सुशाचं शंभर टक्के बरोबर आहे. आदल्याच वर्षी पोराने दिल्लीत आशियातल्या चॅलेंज कपच्या फायनलला ताजिकिस्तानविरुद्ध हॅटट्रिक मारलेली, त्या कपमुळेच आपण २०११ च्या एशियन कपला गेलो, वय पंचविशीचं, फॉरवर्डचे खरे दिवस ते, आणि शिक्षा कसली तर आपलं रँकिंग दीडशेच्या आसपास. रँकिंग वर न्यायला प्लेयर बाहेर खेळले पाहिजेत आणि बाहेर खेळायला रँकिंग पाहिजे, म्हणजे पोहता आल्याशिवाय पाण्यात उतरू नकोस असंच झालं ना हे! मला अजूनही त्याचा राग येतो.

अण्णांनी मधेच मुंबईचा जुना रोव्हर्स कप काढला, मग मुंबईची महिंद्रा युनायटेड टीम २०१० ला बंद झाली ते, मग कोणी कोणाला कूपरेजला पास दिला नव्हता ते. अर्धा तास त्यातच गेला.

मन्याला तेवढ्यात पॉइंट सापडला. "पुढे कॅन्सस सिटीला गेला, लिस्बनला गेला, काय दिवे लावले?"

"लिस्बनला २०१२ ला, ते पण स्पोर्टिंग क्लबच्या बी टीममध्ये! भर फॉर्मात दार लावलंत आणि नंतर विचारताय आला का नाही. आणि दिवे बघायला तू होतास कुठे? २०१८ ला तैपेईविरुद्ध हॅटट्रिक मारली तेव्हा अंधेरीला अडीचेक हजार माणसं, बिचाऱ्याला व्हिडिओ टाकून सांगावं लागलं, शिव्या द्या पण स्टेडियममध्ये येऊन द्या."

"केनियाच्या मॅचला येणार होतो, पाऊस होता."

"त्याच पावसात त्याने शंभराव्या मॅचला दोन गोल मारले, स्टेडियम फुल्ल! तुला दादरहून अंधेरीची लोकल मिळेना."

"मन्याचं सोड रे," अण्णा म्हणाले, "ह्याची ट्रान्सफर समोरच्या बिल्डिंगने पण नाकारलेली."

"अण्णा, ती टूर्नामेंटच कॅन्सल झालेली!"

"टूर्नामेंट झाली, फायनल पण झाली. तुला खोटं सांगितलेलं."

सुशाला चहाचा ठसकाच लागला. मन्या प्रत्येकाला धरून विचारत सुटला, कोणी सांगितलेलं, नाव सांगा. त्यात चहाचे पैसे द्यायचे राहिले, ते चहावाल्याने बरोबर मन्याकडूनच वसूल केले.