राखेच्या विटा कोणत्या रकान्यात?

चंद्रपूर जिल्ह्यात हरित रोजगार किती, यावर आमच्या शाळेच्या मित्रांच्या गटात जी जुंपली आहे, ती वाचून माझं डोकं तापलं आहे. एक बाजू म्हणते, सौर योजनांमुळे जिल्ह्यात हजारो हरित रोजगार तयार झाले. दुसरी म्हणते, हे सगळं थोतांड आहे. नोकरी म्हणावी तर वेकोलिची, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कोळसा कंपनीची, बाकी सगळी रोजंदारी. दोन्हीकडची माणसं शिकलेली. एक तर महाऔष्णिक केंद्रात अभियंता आहे. पण हरित रोजगार म्हणून नेमकं कशाला धरायचं, हे कुणीच विचारेना. मी विचारलं, तर उत्तर आलं, ‘तू जर्मनीत बसून आम्हाला शिकवू नको.’

मी जर्मनीत आहे हे खरं, पण म्युनिकमध्ये नाही. मी पूर्वेकडच्या कॉटबुसला राहतो, आणि इथल्या लाउझिट्झ या खाणपट्ट्यात कोळसा घराघरात आहे, घुग्घुस-माजरीत आहे तसाच. पूर्व जर्मनीच्या काळात इथे लिग्नाइटवर, म्हणजे तपकिरी कोळशावर, ऐंशी हजारांच्या आसपास माणसं कामाला होती. एकीकरणानंतर थोड्याच वर्षांत त्यातली बहुतेक घरी बसली. आज आठ हजारांच्या आतबाहेर उरली आहेत. २०२० च्या कायद्यांनी कोळशाची शेवटची मुदत ठरवली, उशिरात उशिरा २०३८, आणि कोळसा पट्ट्यांसाठी ४० अब्ज युरोंपर्यंतची तरतूद केली. तेव्हापासून इथे रोज आकड्यांवरून भांडण होतं. कामगार संघटना, जिल्हा कार्यालय, कंपनी, सगळे भांडतात. पण आकडा कशाचा आहे, हे भांडणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. आमच्या गटात नेमकं तेवढंच कुणाला नको आहे.

थोतांड म्हणणाऱ्यांनी गटात अमेरिकेतली एक जुनी चित्रफीत टाकली आणि खाली हसण्याच्या खुणांची रांग लागली. जून २०१२ ची ती सुनावणी आहे. तिथल्या श्रम सांख्यिकी विभागाचे प्रभारी आयुक्त जॉन गॅल्विन यांना संसदीय समितीचे अध्यक्ष डॅरेल इसा एकेक काम विचारत जातात. सौर पॅनेलच्या कारखान्यात झाडू मारणारा हरित का? हो. हायब्रिड बसचा चालक? हो. शाळेच्या बसचा चालक? तोही. त्या विभागाने २०१० साठी ३१ लाख आणि २०११ साठी ३४ लाख हरित रोजगार मोजले होते. २०१३ च्या खर्चकपातीत ती मोजणीच बंद पडली.

मला त्या सुनावणीत हसण्यासारखं काही दिसत नाही. गॅल्विन यांच्याकडे व्याख्या होती आणि ते तिला चिकटून उत्तरं देत होते. ज्या आस्थापनेची वस्तू किंवा सेवा पर्यावरणाच्या उपयोगाची, तिथला प्रत्येक माणूस मोजायचा. जिथे उलाढालीचा काहीच भाग हरित असेल, तिथे त्याच प्रमाणात माणसं धरायची. झाडूवाला का मोजायचा? कारण कारखाना बंद पडला तर त्याचंही काम जाणार आहे. अभियंता मोजला आणि झाडूवाला वगळला, तर मोजणी कारखान्याची न होता पदव्यांची होते. उत्पादनाकडे बघून मोजण्याची ही पद्धत सरळ आहे आणि तपासता येते. तिच्या मर्यादा मात्र वॉशिंग्टनपेक्षा चंद्रपुरात जास्त स्पष्ट दिसतात.

राखेच्या विटा घ्या. महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट, आणि तेवढा कोळसा जाळला की राखेचे डोंगर होतात. ती राख वापरात आणलीच पाहिजे, असा केंद्र सरकारचा नियम आहे. पहिली अधिसूचना १९९९ ची. म्हणून राखेच्या विटा पाडणारे छोटे कारखाने उभे राहिले. टाकाऊपासून वस्तू होते, शेतातली सुपीक माती वाचते, भट्टीत वीट भाजावी लागत नाही. अमेरिकी व्याख्येने बघितलं तर तिथला मजूर हरित. पण त्याच्या नाकातोंडात जाते ती कोळशाचीच राख. वीज केंद्र बंद झालं तर त्याचा कच्चा माल संपतो, म्हणजे हे हरित काम कोळसा जळत राहिला तरच टिकतं. जिल्ह्याच्या तक्त्यात त्याला कुठे बसवायचं? सौरवाल्या मित्रांनी त्याचा विचारच केलेला नाही. आणि वेकोलिचं गुणगान करणाऱ्यांना तो कामगारच वाटत नाही, कारण तो ठेकेदाराचा माणूस.

खाणीतून उपसलेल्या मातीच्या टेकड्यांवर झाडं लावणाऱ्या बायांचंही तेच. पगार कोळशातून, काम पर्यावरणाचं. उत्पादन बघितलं तर त्या खाण कामगार, आणि प्रत्यक्ष हातातलं काम बघितलं तर हरित. ताडोबाच्या मोहर्ली गेटवरचा गाईड पर्यटनात मोडतो, पण जंगल गेलं तर त्याचं पोट गेलं. २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम सांख्यिकी परिषदेने यासाठी मार्गदर्शक तत्त्वं केली आहेत. वस्तू कोणती बनते हे एक, ती बनवताना पर्यावरण जपण्याचं काम कोण करतो हे दुसरं, अशा दोन वाटांनी मोजायचं. त्यात काम सन्मानाचं आहे का, ही अट लावली तर त्याला हरित रोजगार म्हणायचं. माझ्या मते सगळा वाद या शेवटच्या अटीत आहे, आणि नेमकी तीच दोन्ही बाजूंना अडचणीची आहे. सन्मानाचं काम म्हणजे पुरेशी मजुरी, सुरक्षितता, लेखी करार, संघटनेचा हक्क. ही चाळणी लावली की सौरवाल्यांचा आकडा गळतो. आणि वेकोलिवाल्यांनाही मान्य करावं लागतं की त्यांच्या खाणीत आज ठेकेदारीवर राबणारा पोरगाही त्या चाळणीतून खाली पडतो.

उसापासूनचं इथेनॉल हरित इंधन म्हणून गणलं जातं, चिपाडावरची वीजही. मग मुकादमाकडून उचल घेऊन बीडहून ऊस तोडायला निघालेलं कोयत्यावरचं जोडपं हरित रोजगारात धरायचं का? फक्त वस्तू बघणारी व्याख्या ‘हो’ म्हणेल. मी ‘नाही’ म्हणेन, आणि माझं हे ‘नाही’ मला तक्त्यात छापलेलं हवं आहे.

बांधकामाच्या मजुरांची मोजणी हा तर उघड गैरप्रकार आहे. समजा एका सौर प्रकल्पाच्या उभारणीत २०० माणसं सहा महिने राबली. ते १०० मनुष्य-वर्षांचं काम झालं. प्रकल्प २५ वर्षं चालणार, म्हणजे वर्षाला सरासरी चार रोजगार, वर देखभालीची थोडी माणसं. पण भाषणात २०० म्हणतात, आणि पुढच्या प्रकल्पावर तीच माणसं आली की पुन्हा २००. शिवाय ही माणसं जिल्ह्याची की बाहेरून आणलेली, हे कुणी लिहीत नाही. रोजगार एखाद्या प्रदेशाचा म्हणून मोजायचा असेल, तर माणूस राहतो कुठे आणि पैसा खर्च करतो कुठे, हे त्या रोजगारात आलंच पाहिजे.

इथे कॉटबुसला जानेवारी २०२४ मध्ये रेल्वेचा नवा दुरुस्ती कारखाना सुरू झाला. सगळा मिळून १,२०० नोकऱ्यांचा. कोळसा पट्ट्याच्या बदलाचं हेच उदाहरण सगळे देतात, मीही देतो. खाणीतला फिटर तिथे उमेदवारीच्या पोरांना शिकवू शकतो, बेट्रीब्सराट, म्हणजे कामगारांनी निवडलेली समिती, पहिल्या दिवसापासून आहे, पगाराची श्रेणी करारात लिहिलेली आहे. मी ज्या कंपनीत आहे, तिथे पूर्वी खाणीच्या कन्व्हेअरसाठी भाग बनत, आता रेल्वेसाठी बनतात. यंत्रं तीच, कारागीरही बरेचसे तेच, फक्त गिऱ्हाईक बदललं. सांख्यिकीच्या दृष्टीने आम्ही सगळे एका रकान्यातून दुसऱ्यात गेलो आणि एकाचीही नोकरी गेली नाही. चंद्रपूरच्या आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या फिटर-इलेक्ट्रिशियनसाठी मला असंच काहीतरी हवं आहे.

हरित शिक्का असला म्हणजे नोकरी टिकतेच असं नाही, हेही याच पट्ट्याने दाखवलं. लाउखहामरमध्ये पवनचक्कीची पाती बनवण्याचा व्हेस्टासचा कारखाना होता. २०२१ मध्ये तो बंद करायचं जाहीर झालं, ४६० च्या आसपास माणसांचं काम गेलं. कोळशाच्या गावातले लोक त्या दिवशी काय म्हणाले असतील, ते बल्लारपूरच्या कुणालाही सांगावं लागणार नाही. म्हणून निव्वळ आकडा लागतो. किती आले त्यातून किती गेले ते वजा करून, दर वर्षी, त्याच जिल्ह्यात.

हे मोजणं जर्मनीत सोपं आहे, हे मला मान्य आहे. प्रत्येक नोकरीची नोंद सामाजिक विम्यात होते, त्यामुळे जिल्हा, उद्योग, व्यवसाय यांनुसार आकडे मिळतात. आपल्याकडे बहुतेक माणसं कुठल्याच नोंदीत नाहीत. पीएलएफएस, म्हणजे सरकारची श्रमशक्तीची पाहणी, २०१७ पासून चालू आहे, पण ते नमुना सर्वेक्षण आहे आणि त्यात ‘हरित’ असा रकाना नाही. आठवड्यातले दोन दिवस छतावर पॅनेल बसवणारा आणि उरलेले दिवस घरांचं वायरिंग करणारा पोरगा तिथे फक्त इलेक्ट्रिशियन असतो.

पण आपल्याकडे जमत नाही, हे मी ऐकून घेणार नाही. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या बायांची नोंद झाली, त्यांना ओळखपत्रं मिळाली, आणि पुढे २००८ मध्ये ‘स्वच्छ’ या त्यांच्या सहकारी संस्थेने पुणे महापालिकेशी करार केला. या देशात त्यांच्याहून हरित काम कोणाचं असेल? त्यांची मोजणी त्यांच्याच संघटनेने केली, आणि मोजल्या गेल्या म्हणून त्यांना महापालिकेशी टेबलावर बसता आलं. चंद्रपुरात संघटनांची कमतरता नाही. ठेकेदारी कामगारांची यादी करायला कुठल्याही जर्मन तज्ज्ञाची गरज नाही.

आपल्या जिल्ह्याला नोकरी मोजता येत नाही असंही नाही. खाणीत जमीन जाते तेव्हा दोन एकरांमागे एक नोकरी हा हिशेब प्रकल्पग्रस्ताच्या घरात लहान पोराला तोंडपाठ असतो. आमची जमीन गेली, बाबांना नोकरी लागली, तिच्यावर मी शिकलो. म्हणून गटात कुणी वेकोलिच्या परमनंट नोकरीचा अभिमान सांगतो तेव्हा मी त्याला हिणवू शकत नाही. त्या नोकरीत पगार, दवाखाना, क्वार्टर, पेन्शन होतं. आणि त्याच गावांच्या प्रदूषणामुळे २००९ च्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांच्या यादीत चंद्रपूर देशात चौथं होतं. हे दोन्ही माझ्या घरातलंच आहे, मला त्यातलं एक निवडता येत नाही. हरित रोजगाराला माझ्या बाबांच्या नोकरीची बरोबरी करता आली पाहिजे, हीच माझी व्याख्या आहे. याहून कमी असेल तर त्याला दुसरं काही नाव द्या.

‘तू तिकडे बसून’ हे वाक्य लागलं, हे लपवण्यात अर्थ नाही. कॉटबुसच्या तक्त्यात मी आहे. कोळशानंतरच्या लाउझिट्झमध्ये आलेला कुशल माणूस म्हणून माझी नोंद होते, पण बेकरीतल्या बाईला मी अजून पाहुणाच वाटतो. चंद्रपूरच्या तक्त्यात मी कुठेच नाही. कोळशाच्या पैशावर शिकून जिल्ह्याबाहेर गेलेल्यांचा आकडा कुठल्याही खात्याकडे नाही. आमच्या वर्गातली पुणे, हैदराबाद, जर्मनी धरून अर्धीअधिक मुलं त्यात येतील. लाउझिट्झमध्ये एकीकरणानंतर गेलेल्या तरुणांची गिनती आजही होते, ते परत यावेत म्हणून पैसे खर्च होतात. माझ्या जिल्ह्याने मला तसं एकदा तरी विचारावं, असं मला वाटतं. त्यात राग किती आणि आस किती, हे मला वेगळं करता येत नाही.

गटात मी आज एक कोरा तक्ता टाकला आहे. काम कोणतं, करणारा कुठल्या तालुक्यात राहतो, वर्षात किती महिने काम मिळालं, करार कोणाशी, मजुरी किती, आणि खाण किंवा वीज केंद्र बंद झालं तर हे काम राहील का. राखेच्या विटांपासून सुरुवात करा, असं खाली लिहिलं आहे. महाऔष्णिक केंद्रातल्या मित्राने तीन कारखान्यांची नावं पाठवली आहेत.