‘हे गणित नव्हे, कातरकाम आहे’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

आकाशकंदिलातून गणित शिकवण्याच्या लेखाखाली तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडते. दुसरीच्या वर्गात ४० मुलं आणि तासिका ३५ मिनिटांची. मुलं कापतात, चिकटवतात, निम्मं काम बाईच उरकतात आणि शेवटी गणित म्हणून ‘किती पट्ट्या झाल्या ते मोजा’ एवढंच उरतं. तेवढं मोजणं खडूच्या तुकड्यांवरही होतं. त्यात संकलित मूल्यमापन, म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा, तोंडावर आलेलं असतं. तेव्हा हातकाम कार्यानुभवाच्या तासाला ठेवावं आणि गणित गणिताच्या तासाला.

यातला पहिला अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे, आणि त्याला माझा लेखच कारणीभूत आहे. त्यात आखलेला तयार साचा दिला होता. रेघा आधीच मारलेल्या असल्या की मुलाला फक्त रेघेवरून कात्री चालवायची उरते. किती लांब, किती रुंद, किती पट्ट्या, हे सगळं साचा करणाऱ्याने ठरवलेलं असतं. म्हणजे गणित त्याने केलं आणि कातरकाम मुलाच्या वाट्याला आलं. तो साचा लेखातून काढून टाकला आहे.

पण म्हणून दोन्ही तास वेगळे करावेत, हे मला पटत नाही. वहीत चूक झाली की ती बाईंच्या लाल पेनाने कळते, तीही दुसऱ्या दिवशी. कंदिलात चूक झाली की पट्टी बारीक होते, कागद पुरत नाही, रंगांची रांग बिघडते, आणि हे मुलाला स्वतःला, तिथल्या तिथे दिसतं. मात्र त्यासाठी कात्री लागण्याआधी आकडा मुलाने ठरवलेला असला पाहिजे. हे प्रत्यक्षात कसं करायचं ते आता साच्याशिवाय सांगते.

एका कंदिलाला ए-फोर आकाराचे दोन रंगीत कागद लागतात : बाहेरचा पट्ट्या कापायचा, आतला बिनकापलेला. बाहेरच्यासाठी साध्या झेरॉक्स कागदापेक्षा किंचित जाड पेस्टल कागद घ्या. घोटीव कागद सुंदर दिसतो, पण त्याच्या पट्ट्या लुळ्या पडतात. कार्डशीट सात वर्षांच्या हाताला कापवत नाही. दोघांत एक कंदील धरला तर ४० मुलांना २० कंदील, म्हणजे ४० कागद आणि २० कात्र्या. दोन्ही कागद २८ सेंमी लांब आणि २० सेंमी रुंद, असे तुम्हीच आधी कापून ठेवा. ए-फोरची लांबी २९.७ सेंमी असते आणि तो दशांश दुसरीत नको. शिवाय कागद काटकोनात कापला नसेल तर पुढचं सगळंच तिरपं जातं. बाईंनी करायचं काम एवढंच.

बाहेरचा कागद लांबीच्या दिशेने मधोमध दुमडायचा. दुमडण्याआधी विचारा : घडी घातल्यावर रुंदी किती राहील? २० चे निम्मे १० हे बरीच मुलं सांगतात, पण काही जण कागद उलटा दुमडतात आणि हातात १४ रुंदीचा तुकडा येतो. ‘१० व्हायला हवी होती, १४ कशी झाली?’ एवढंच विचारून थांबा. कोणती बाजू निम्मी झाली हे मूलच शोधतं.

मग उघड्या कडेपासून २ सेंमी आत एक रेघ. कात्री इथेच थांबणार. त्यानंतर घडीवर आणि या रेघेवर, दोन्हीकडे दर २ सेंमीला खूण करायची आणि समोरासमोरच्या खुणा जोडायच्या. फक्त घडीवर खुणा केल्या तर चिरा तिरक्या जातात. मोजपट्टीची चूक इथेच उघडी पडते. मुलं मोजपट्टी ० ऐवजी १ वर धरतात, किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीच्या टोकापासून मोजतात, जिथे शून्याच्या आधी थोडी कोरी जागा असते. १ पासून धरलं तर कागदाची पहिली आणि शेवटची पट्टी १ सेंमीची होते आणि मधल्या २ सेंमीच्या. शेजाऱ्याच्या कागदाशी ताडून पाहिलं की ते दोघांनाही दिसतं. दुसरी चूक म्हणजे प्रत्येक खुणेसाठी मोजपट्टी नव्याने सरकवणं. दर वेळी केसभर फरक पडतो आणि शेवटची पट्टी अर्धीच उरते. मोजपट्टी एकदाच ठेवून २, ४, ६, ८ अशा खुणा करायला सांगा. तोच २ चा पाढा.

कात्री घडीकडून आत चालवायची, उघड्या कडेकडून नाही. सर्वांत जास्त कागद याच ठिकाणी वाया जातात. उघड्या कडेकडून कापलं तर पट्ट्या दोन्ही बाजूंना सुट्या होतात. तो कागद फेकू नका, त्याच्या खाली लावायच्या झिरमिळ्या होतात.

आता तुमचा मुख्य आक्षेप, की शेवटी नुसतं मोजणंच उरतं. कापण्याआधी विचारा : २८ सेंमीत २ सेंमीच्या पट्ट्या किती? १४. मग त्यासाठी चिरा किती माराव्या लागतील? जवळजवळ सगळा वर्ग १४ च म्हणतो. उत्तर आहे १३. आधी लहान कागदावर करून बघू द्या : एक चीर, दोन पट्ट्या, दोन चिरा, तीन पट्ट्या. आणि खरी गंमत पुढे आहे. कागद गोल करून शेवटची पट्टी पहिलीवर चढवून चिकटवली की बाहेरून दिसतात १३ च पट्ट्या. १४ पैकी एक गेली कुठे? ती शेवटच्या पट्टीच्या पोटात दडली. या एका कागदावर १३, १४ आणि पुन्हा १३ हे आकडे तीन वेगळ्या कारणांनी येतात. वहीत ‘२८ ÷ २ = १४’ लिहून यातलं काहीच हाती लागत नाही.

त्यावर रंग चढवा. दिसणाऱ्या प्रत्येक पट्टीच्या खाली एक झिरमिळी, रंग लाल-पिवळा-हिरवा याच क्रमाने. सरळ रांगेत हा आकृतिबंध कुठेही थांबवला तरी चालतो, पण कंदील गोल आहे. १३ झिरमिळ्या लावल्या की जोडावर दोन लाल शेजारी येतात. ३, ६, ९, १२ नंतर १३ वी पुन्हा लालच. मग कागद किती लांब घ्यायला हवा होता? १२ पट्ट्या दिसायला हव्यात, एक दडणार, म्हणजे १३ पट्ट्या, म्हणजे २६ सेंमी. हा प्रश्न फळ्यावर सोडवून देऊ नका. दोन लाल झिरमिळ्या शेजारी लटकताना पाहिलेल्या मुलाला तो स्वतःहून पडतो. २ सेंमी कापून टाकायचे की चौथा रंग आणायचा, यावर जोड्यांमध्ये वाद होऊ द्या. (चौथा रंग आणला तरी १३ ला एक उरतोच, हेही त्यांना करून पाहू द्या.)

आतल्या कागदाची उंची हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. बाहेरचा कागद २० सेंमी उंच. आतलाही २० चाच ठेवला तर कंदील फुगतच नाही, पट्ट्या सपाट बसतात. म्हणून आतला कमी उंचीचा हवा. काही जोड्यांना १८ आणि काहींना १६ घेऊ द्या, पण आधी अंदाज लिहून घ्या : पट्टी किती बाहेर येईल? फरक २ सेंमीचा, म्हणून फुगवटाही २ सेंमीचा, असं मुलं सांगतात. मोजल्यावर १८ च्या कागदाला पट्टी साधारण ३ ते ४ सेंमी बाहेर आलेली दिसते आणि १६ च्याला ५ च्या आसपास. फरक दुप्पट केला म्हणून फुगवटा काही दुप्पट झाला नाही. का, ते दुसरीत समजावायचं नाही. अंदाज, माप आणि दोन्हींतला फरक असे तीन रकाने वहीत भरले की वजाबाकीचा सराव झाला.

जोडताना दोन्ही कागद सपाट असतानाच वरची कड वरच्या कडेला आणि खालची खालच्या कडेला चिकटवा, मग गोल करा. आधी गोल करून एकात एक घालायला गेलं की लहान हातांना ते जमत नाही, आणि बाईंनाच वीस कंदील करावे लागतात ते इथे. पातळ डिंकाने कागद सुरकुततो, गोंदाची कांडी बरी. जोड एक ते पन्नास मोजेपर्यंत दाबून धरायचा. आत छोटा एलईडी दिवा सोडा, पणती अजिबात नको.

वेळेचं म्हणाल, तर चार तासिका लागतात : दोन गणिताच्या, दोन कार्यानुभवाच्या. घडी, खुणा आणि अंदाज गणिताच्या तासाला, कापणं-चिकटवणं कार्यानुभवाच्या. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मात्र हे घेऊ नका, तिथे तुमचं बरोबर आहे. पेपर संपल्यापासून सुट्टी लागेपर्यंतचे दिवस यासाठी उत्तम.

पहिलीच्या मुलांना कंदील देऊ नये. मोजपट्टी आणि कात्री एकाच वेळी झेपत नाही. त्यांना कागदी कड्यांची साखळी द्या, १० कड्या झाल्या की रंग बदलायचा. ४७ कड्यांची साखळी लांबून पाहिली तरी ४ दशक ७ सुटे दिसतात.

तिसरीला कंदिलापेक्षा ठिपक्यांची रांगोळी जास्त देते. ‘७ ते ४’ म्हणजे मधली ओळ ७ ठिपक्यांची, वर आणि खाली एकेक कमी होत ४ पर्यंत. एकूण ठिपके किती? ४, ५, ६, ७, ६, ५, ४ ओळीने मिळवणारं मूल ३७ पर्यंत पोचतं. कुणी ४ आणि ६ ची जोडी लावून दहा करतं, तशी दुसरी जोडी, मग ५ आणि ५, म्हणजे तीन दहा आणि मधले ७. दोन्ही रीती फळ्यावर शेजारी लिहा. मग मधल्या ठिपक्याभोवती रंगीत खडूने वेढे काढायला सांगा : पहिल्यात ६, दुसऱ्यात १२, तिसऱ्यात १८. पुढच्या वेढ्यात किती, हे पाढा येणारं मूल न काढताच सांगतं, आणि त्याने ‘९ ते ५’ ची रांगोळी होते, ६१ ठिपक्यांची. चूक एकाच ठिकाणी होते. ठिपका वरच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध न देता सरळ खाली दिला की आकार एका बाजूला कलतो. उदबत्तीने भोकं पाडलेला कागद घरी ठीक, वर्गात नको, कारण तोही साचाच. फरशीवर खडूनेच काढू द्या. रांगोळीची चिमूट साधायला वेगळा सराव लागतो, आणि आत्ता लक्ष ठिपक्यांवर हवं.

तुम्ही शेवटी विचारलंत की यातून काही आलं की नाही, हे ओळखायचं कसं. सुट्टीनंतर, कंदील समोर नसताना, कोऱ्या कागदावर एकच प्रश्न द्या : ‘१० पट्ट्या दिसणारा कंदील करायचा आहे, पट्टी २ सेंमीची. कागद किती लांब घ्याल?’ २० लिहिणाऱ्या मुलाला गुणाकार येतो. २२ लिहिणाऱ्याला गुणाकारही येतो आणि दडलेली पट्टीही आठवते. २० वाल्यांना उत्तर सांगू नका, २० सेंमीचा कागद आणि कात्री द्या.