किल्ला पायथ्यापासूनच चढायचा असतो

"बाबा, गाडी वर किल्ल्यापर्यंत जाते," असं मुलगा म्हणाला होता. अगदी स्पष्ट म्हणाला होता. बायको साक्षीदार आहे, आणि परत आल्यापासून गेले तीन आठवडे ती ही साक्ष भेटेल त्याला देते आहे.

मुलगा नोकरीनिमित्त फ्रान्समध्ये, तुलूजला असतो. तिथून त्यानं आम्हाला दॉर्दोन्य नदीच्या खोऱ्यात नेलं. नदीकाठाला बेनाक नावाचं मधाच्या रंगाच्या दगडांचं गाव, आणि गावाच्या डोक्यावर, नदीपासून सुमारे 150 मीटर उंच कड्यावर, बाराव्या शतकातला किल्ला. आता महाराष्ट्रातल्या माणसानं असा किल्ला पाहून त्याच्या दारात गाडीतून उतरायचं? "किल्ला पायथ्यापासूनच चढायचा असतो," मी म्हणालो. सिंहगडावर आपण दर वेळी गाडीनं जातो आणि पिठलं-भाकरी खाऊन गाडीनंच उतरतो, हा मुद्दा बायकोनं तिथल्या तिथे काढला. परक्या देशात असले मुद्दे काढू नयेत.

गाडी नदीकाठी लावली. गावातली गल्ली दगडी फरसबंदीची, आणि इतकी उभी की एका घराचं दार दुसऱ्या घराच्या पन्हळीला लागतं. पाचव्या मिनिटाला माझ्या लक्षात आलं, की थांबायचं असेल तर कौतुक करावं. दम लागलेल्या माणसाकडे लोक दयेनं बघतात, रसिकाकडे आदरानं. मग मी छपरांचं कौतुक सुरू केलं. ती खरोखरच कौतुकाची आहेत. कौलं नाहीत, नुसत्या चपट्या दगडांच्या लाद्या एकावर एक रचलेल्या. त्यांना तिकडे 'लोझ' म्हणतात. चौरस मीटरला अर्ध्या टनाच्या घरात वजन. एवढं ओझं शेकडो वर्षं पेलणाऱ्या त्या भिंती बघून मला माझ्या गुडघ्यांची लाज वाटली.

पुढच्या वळणावर एका खिडकीतल्या गुलाबाचं कौतुक केलं. त्याच्या पुढच्या वळणावर मांजराचं.

"बाबा, दम लागलाय का?"

"छे. मांजर बघतोय."

"ते केव्हाच गेलं."

तेवढ्यात हातात लांब पाव घेतलेल्या एक आजी आम्हाला सहज मागे टाकून वर गेल्या. जाताना म्हणाल्या, "बोंझूर." फ्रान्समध्ये याला उत्तर न देणं म्हणजे उद्धटपणा. माझ्या तोंडून 'बों' निघालं. 'झूर' बाहेर पडेपर्यंत आजी वळणाआड गेल्या होत्या.

किल्ल्यावर पोचलो तर भिंतीला परांची. काम चालू होतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"1960 च्या दशकात एका माणसानं विकत घेतला, तेव्हापासून."

किल्ला विकत! सातबाऱ्यावर काय लिहीत असतील? पण मला जास्त हेवा वाटला तो मुदतीचा. साठ वर्षं दुरुस्ती चालू आहे आणि कुणी चेअरमनचा राजीनामा मागितलेला नाही. आमच्या सोसायटीच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग दीड महिना लांबलं तर दोन कुटुंबं अजून एकमेकांशी बोलत नाहीत. अर्थात घाई करून चालतही नाही. अशा जुन्या भिंतीत सिमेंट भरलं की ओल आत कोंडते आणि मूळचा दगड फुटायला लागतो, म्हणून दरजा चुन्याच्याच भरायच्या. चुना म्हटल्यावर मला रायगडापासून सगळं आठवलं आणि मी चुना दळायच्या घाण्यावर व्याख्यान सुरू केलं. बसायला एक छान दगडही मिळाला होता.

आत अंधारे जिने आणि बुटकी दारं. "शत्रूला मान वाकवूनच आत यावं लागायचं, म्हणून दारं अशी," मी सांगितलं, आणि न वाकता आत गेलो. कपाळावरचं टेंगूळ इथे आल्यावर उतरलं.

गच्चीवर मात्र वारा होता. खाली नदीचं वळण, आणि पलीकडच्या काठावर समोरच दुसरा किल्ला, कास्तेलनो. 1337 ते 1453 चाललेल्या शंभर वर्षांच्या युद्धात हा किल्ला फ्रेंचांच्या बाजूचा, तो बहुतेक काळ इंग्रजांच्या. मधे फक्त नदी.

"म्हणजे समोरच्या बिल्डिंगशी शंभर वर्षं भांडण," बायको म्हणाली. "कशावरून? पार्किंगवरून?"

पार्किंग हा शब्द तिनं मुद्दाम वापरला, हे बाहेर पडल्यावर कळलं. किल्ल्याजवळच गाड्या लावायची मोठी जागा होती. माझ्याहून दहा वर्षांनी मोठं एक जोडपं गाडीतून उतरत होतं. टवटवीत, इस्त्रीचे कपडे. बायको काहीच बोलली नाही. सत्तावीस वर्षांच्या संसारात तिचं काहीच न बोलणं मी ओळखतो.

आमची गाडी अर्थातच खाली. चढताना फक्त छाती बोलत होती, उतरताना दोन्ही गुडघे बोलायला लागले, आणि त्यांचं एकमत होतं. कौतुक करायलाही काही उरलं नव्हतं, सगळं चढतानाच करून झालेलं. नदीकाठी पोचेपर्यंत अडीच वाजले. तिथल्या खाणावळींच्या चुली दोनला थंडावतात. त्यातून तो मुलूख बदकांचा, आणि आम्ही शाकाहारी. शेवटी अक्रोडाच्या केकवर दुपार काढली. केक उत्तम होता, पण तो भाकरीच्या जागी खाल्ला होता.

दुसऱ्या दिवशी कास्तेलनो. गाडीत बसता बसता मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तिथेही गाडी वर जाते ना रे?"

"जाते की."

"तुम्ही पायथ्यापासून या," बायको पट्टा लावत म्हणाली. "आम्ही वर भेटतो."